धर्मानंद कोसंबी : एका कठीण आरंभाचे चरित्र

अनमोडचा घाट उतरू लागले म्हणजे आपल्या जोयडा तालुक्याची सीमा मागे राहते आणि गोमंतकाची भूमी लागते. त्या भूमीत, समुद्रापासून फार दूर नसलेल्या साखवाळ गावी, ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. पालीभाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. मठाच्या स्मरणग्रंथात अन्य मार्गाने गेलेल्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न एखाद्या भक्ताच्या मनात उद्भवेल. त्याचे उत्तर आमच्या पाठशाळेतच आहे. नवा विद्यार्थी सिद्धांतकौमुदी प्रथम हाती घेतो, पुढे सुमारे चार हजार सूत्रे उभी आहेत हे त्यास कळते, आणि त्याचा चेहरा उतरतो. तो चेहरा मी प्रतिवर्षी पाहतो. एके काळी तो माझाही होता. अशा वेळी मी मुलांस ज्यांची कथा सांगतो, ते हे धर्मानंद होत.

त्यांचे घराणे सारस्वतांचे, उपजीविका नारळीच्या बागायतीची. शिक्षण मराठी शाळेतले, आणि तेही मधूनमधून खंडित झालेले. प्रकृती नाजूक. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे बागेची देखरेख अंगावर पडली. सामान्य मनुष्याचे आयुष्य येथेच ठरून गेले असते. परंतु तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या चित्तात वैराग्याचे बीज पेरले होते, आणि १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ ह्या मुलांच्या मासिकात आलेले भगवान बुद्धांचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. त्या काही पानांनी त्यांच्या मनाचा ठाव घेतला. बुद्धांचा धर्म मुळापासून जाणून घ्यावा, ही एकच तळमळ त्यांस लागून राहिली.

पण जाणून घ्यावा कसा? संस्कृत येत नव्हते. इंग्रजी येत नव्हते. मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत आणि ते शिकवणारे गुरू कोठे राहतात, ह्याचीही स्पष्ट कल्पना नव्हती. हाती द्रव्य नव्हते. घर सोडण्याचा प्रयत्न त्यांनी पूर्वीही केला होता, आणि माघारी येऊन पुन्हा बागेच्या व्यवहारात ते गुंतले होते. एकदा परत फिरलेल्या मनुष्यास दुसऱ्यांदा निघणे अधिक जड जाते. कारण आता लोकांच्या हसण्याबरोबर स्वतःविषयीचा संशयही सोबतीला असतो. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, हे सर्व ओझे घेऊनच ते निघाले. वय तेवीस वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घरी तरुण पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या होती. पुढील सुमारे सात वर्षे बाळाबाईंनी पतीविना काढली. धर्मानंदांच्या धैर्याचे कौतुक करताना त्या माउलीच्या धैर्याचा विसर पडू देऊ नये. तिने कोणताही निश्चय केला नव्हता. तो तिच्यावर येऊन पडला होता, आणि तिने तो निभावून नेला.

पुण्यास येऊन डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट त्यांनी घेतली. आता ध्येय दूरचे असले तरी पहिली पायरी दिसू लागली होती : आधी संस्कृत. बौद्ध धर्म केव्हा हाती येईल ह्याची चिंता त्यांनी बाजूस सारली आणि व्याकरणाचा धडा घेतला. तेथून ग्वाल्हेर, व तेथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या चरणांशी बसून कौमुदी पढावी, असा क्रम सुरू झाला. लहानपणापासून घोकंपट्टी केलेल्या मुलांच्या पंक्तीत प्रौढ वयाच्या मनुष्याने पहिल्या सूत्रापासून आरंभ करावा, ह्यात जो संकोच असतो तो ज्याने अनुभवला त्यासच कळेल.

१९०२ साली ते मोठ्या आशेने नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची तत्कालीन स्थिती पाहून त्यांची घोर निराशा झाली. इतक्या कष्टांनंतर मार्गच चुकला, असे वाटून दुसरा कोणीही घरी परतला असता. ते बुद्धगयेस आले. पालीग्रंथांचे अध्ययन करावयाचे तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, असे त्यांस कळले, आणि कलकत्त्यामार्गे ते तिकडे निघाले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्यापाशी त्यांनी पालीचे अध्ययन आरंभिले व श्रामणेर दीक्षा घेतली. म्हणजे पुन्हा नवी भाषा, नवी लिपी, नवा देश, न मानवणारे अन्न, आणि पुन्हा पहिला धडा. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले व पालीचे अध्यापन करू लागले. तेथे मानाचे स्थान मिळत असता महाराष्ट्रात ह्या विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी ते सोडले, आणि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. १९१० साली विसुद्धिमग्ग ह्या महाग्रंथाच्या संशोधनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस पाचारण केले. ज्या मनुष्याने ऐन तारुण्यात संस्कृताचा ओनामा गिरविला, तो सुमारे दहा वर्षांत सातासमुद्रांपलीकडच्या विद्वानांच्या पंक्तीस बसला. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली; पुढे गुजरात विद्यापीठातही कार्य केले. त्यांच्या शिष्यांत पु. वि. बापट यांच्यासारखे पंडित निघाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले व कारावासही त्यांनी भोगला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला. थोर गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचेच पुत्र.

विसुद्धिमग्गाची कथा विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. हार्वर्डच्या हेन्री वॉरन ह्या पंडिताने ते काम हाती घेतले होते; १८९९ साली त्याचा देहान्त झाला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले. त्या कामासाठी त्यांनी अमेरिकेच्या चार वाऱ्या केल्या. ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस निघाली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. एकाने आरंभ केला, दुसऱ्याने तो तडीस नेला, आणि हार्वर्डची छापील पोथी पाहावयास दोघांपैकी कोणीच उरला नाही. तरीही आरंभ वाया गेला नाही.

आपल्या तालुक्यातील भक्तांस आरंभाचे भय नवे नाही. काळी नदीच्या धरणाखाली जुने सुपे गाव बुडाले तेव्हा अनेक कुटुंबांनी रामनगरास येऊन चूल पुन्हा पहिल्यापासून मांडली. त्यांनाही पुढचे सर्व दिसत होते असे नाही. त्या दिवशी चूल पेटवणे तेवढे हाती होते. धर्मानंदांचेही तसेच झाले. भय संपल्यावर ते निघाले नाहीत. निघाल्यावर, एकेका धड्याबरोबर, ते भय मागे पडत गेले.

म्हणून पाठशाळेत येणाऱ्या बालकास आणि उतारवयात गीतेचा पहिला अध्याय शिकू इच्छिणाऱ्या आजोबांस माझे नम्र सांगणे एवढेच आहे की, ग्रंथाची जाडी मोजू नये. आजचा पाठ घ्यावा. तो घेण्याचे बळ सर्वांस लाभो, ही सद्गुरुचरणी प्रार्थना.