महात्माजींच्या तरुणपणीचा जमाखर्च

महात्मा गांधींचा पंचा, काठी आणि कमरेचे घड्याळ लहान मूलही ओळखते. पण याच महात्म्याने तरुणपणी लंडन शहरात एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली होती आणि दररोज दहा मिनिटे आरशासमोर उभे राहून गळपट्टा बांधण्याचा सराव केला होता, ही हकीकत आपण सहसा सांगत नाही. थोरांचे चरित्र गाताना त्यांच्या पायाला लागलेला चिखल आपण झाकतो. गांधीजींनी मात्र तो झाकला नाही. आत्मकथेत आपल्या उधळपट्टीचे आकडे त्यांनी शिलिंगापर्यंत लिहून ठेवले आहेत.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील करमचंद ऊर्फ कबा गांधी हे संस्थानचे दिवाण, पण पैसा साठवण्याची हाव त्यांना नव्हती. मागे फारशी मालमत्ता त्यांनी ठेवली नाही. कर्ज म्हणजे काय याची ओळख मोहनदासला लवकर झाली. मधल्या भावाला पंचवीस रुपयांच्या आसपास कर्ज झाले होते. त्याच्या दंडावर सोन्याचे कडे होते. दोघांनी मिळून त्यातला तुकडा काढला आणि देणे भागवले. म्हणजे पाहा, कर्ज फिटले आणि चोरी अंगावर आली! मोहनदासचे वय तेव्हा पंधरा. मन खाऊ लागले तेव्हा त्याने सारे चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिले. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, चिठ्ठी भिजली, आणि त्यांनी ती फाडून टाकली. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. पुढे १८८५ साली ते वारले.

आता घरचा भार थोरले भाऊ लक्ष्मीदास यांच्यावर आला. भावनगरच्या कॉलेजात मोहनदासचे मन लागेना. घरोब्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला की मुलाला विलायतेला पाठवून बॅरिस्टर करा, चार-पाच हजारांत काम होईल. चार-पाच हजार आणायचे कुठून? पोरबंदरच्या इंग्रज कारभाऱ्याकडे मदत मागितली, तर तो म्हणाला की आधी पदवीधर हो. बायकोचे दागिने मोडले तर दोन-तीन हजार येतील, असाही विचार मोहनदासच्या मनात आला. शेवटी लक्ष्मीदासांनीच सांगितले की पैशाचे मी कसेही करून बघतो.

मुंबईत वेगळेच विघ्न उभे राहिले. समुद्र ओलांडणार म्हणून जातीने त्याला वाळीत टाकले आणि जो मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सवा रुपया दंड ठरवला. भावाने प्रवासाचे पैसे ज्या नातेवाइकाकडे ठेवले होते, तो जातीच्या धाकाने ते देईना. तेव्हा भावाच्या एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट काढावे लागले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट निघाली. बॅरिस्टरीचे पहिले पाऊल पडले ते असे उसनवारीवर.

लंडनला उतरल्यावर हॉटेलचे बिल झाले तीन पौंड! वीस शिलिंगांचा एक पौंड आणि बारा पेन्सांचा एक शिलिंग, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा हिशेब नीट समजेल. आईपुढे मांस, मद्य आणि परस्त्री यांना न शिवण्याची शपथ घेतली होती, त्यामुळे पोट भरण्याचेच हाल. एका मित्राने मोठ्या खाणावळीत जेवायला नेले. तिथे मोहनदासने सूपात मांस आहे का म्हणून चौकशी केली, तेव्हा मित्राला चारचौघांत लाज वाटली आणि तो चिडला. मोहनदासने मनाशी ठरवले की मांस खाणार नाही, पण बाकी सगळ्या बाबतीत असा साहेब बनेन की मित्राला माझी लाज वाटणार नाही.

वाचकहो, खर्चाची वाट बहुधा अशीच लागते. माणूस वाईट हेतूने नव्हे, तर लोकांत कमी दिसू नये म्हणून पैसा सोडतो. मुंबईचे कपडे इथे शोभत नाहीत म्हणून मोठ्या दुकानातून नवे घेतले. बाँड स्ट्रीटवर संध्याकाळचा पोशाख शिवला, त्याचे दहा पौंड. दोन पदरी सोन्याची घड्याळसाखळी भावाला लिहून मागवली, आणि त्या भल्या माणसाने ती पाठवली! नाचाच्या शिकवणीला तीन पौंड भरले. तीन आठवडे गेला, पण पियानोचा ताल काही कळेना. ताल कळावा म्हणून तीन पौंडांचे फिडल घेतले, त्याची शिकवणी वेगळी. वक्तृत्व शिकवणाऱ्याला एक गिनी दिली. गाडा नुसता उताराला लागला होता.

सुमारे तीन महिन्यांनी डोळे उघडले. आपल्याला काही इंग्लंडात जन्म काढायचा नाही, आपण विद्यार्थी आहोत, मग हे नाचगाणे कशासाठी, असे मनात आले. त्याने शिकवण्या पत्र लिहून सोडल्या आणि फिडल येईल त्या किमतीला विकून टाका असे बाईंना सांगितले. कपड्यांचा नीटनेटकेपणा मात्र पुढे बरीच वर्षे टिकला, तेही ते लपवत नाहीत.

एक सवय त्याने सुरुवातीपासून धरली होती, तिनेच त्याला तारले. पै-पैचा हिशेब तो लिही. बसचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचे दोन पेन्स, सारे वहीत. रात्री निजण्यापूर्वी शिल्लक काढायची, मगच दिवा मालवायचा. हल्ली वस्तू आधी घरात येते आणि पैसे बारा हप्त्यांनी मागून जातात, तेव्हा गेले किती याचा पत्ताच लागत नाही. मोहनदासच्या वहीत पत्ता लागत होता. आणि त्या आकड्यांमागे त्याला एक चेहरा दिसू लागला, मागितले की पैसे पाठवणाऱ्या थोरल्या भावाचा. महिना आठ ते पंधरा पौंड उडवणारे विद्यार्थी बहुतेक शिष्यवृत्तीवाले होते. दुसरीकडे आठवड्याला दोन शिलिंगांच्या खोलीत राहून दोन पेन्सांच्या कोको-पावावर भागवणारा गरीब विद्यार्थीही त्याने पाहिला.

मग त्याने काटछाट केली. आधी कुटुंबात राहणे सोडून दोन खोल्या घेतल्या, मग दोनाची एक केली. बसऐवजी पायी चालू लागला, रोज आठ-दहा मैल. शेगडी आणून सकाळी ओटची लापशी स्वतः शिजवी, दुपारी बाहेर जेवी, रात्री पाव आणि कोको. रोजचे पोट एक शिलिंग तीन पेन्सांत भरू लागले. आता गणित मांडा: ती एक टोपी म्हणजे पंधरा दिवसांचे जेवण आणि तो बाँड स्ट्रीटचा पोशाख म्हणजे पाच महिन्यांहून अधिक.

१० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला आणि दोन दिवसांनी मायदेशी निघाला. पण संकट टळले होते असे मुळीच नाही. बॅरिस्टर भाऊ येणार, पैसा येणार, या भरवशावर लक्ष्मीदासांनी घरखर्च आधीच वाढवून ठेवला होता. त्यात मोहनदासने कोको, लापशी आणि साहेबी कपड्यांची भर घातली. दारी पांढरा हत्ती झुलू लागला, त्याला चारा कुठून घालणार? मुंबईत पहिला खटला मिळाला तीस रुपयांचा, तर कोर्टात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. तो तसाच सोडून दिला. पंचाहत्तर रुपयांच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, तर पदवीधर नाही म्हणून नकार. राजकोटला परत येऊन अर्ज लिहिण्याचे काम धरले, त्यात महिना तीनशेच्या आसपास सुटू लागले.

१८९३ साली दादा अब्दुल्लांच्या पेढीचे दक्षिण आफ्रिकेचे काम आले. जाण्यायेण्याचे भाडे, राहणे-जेवणे आणि वर १०५ पौंड. बॅरिस्टरला हे काही मोठे मानधन नव्हते. पण मनात आनंद एवढाच की सगळा खर्च पेढीचा, तेव्हा हे १०५ पौंड भावाला पाठवता येतील.

तिथे १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी राहिली. लंडनच्या वहीची शिस्त तिथे सार्वजनिक पैशाला लागली. वर्गणीची पावती आणि खर्चाची नोंद यांत त्यांनी कधी सूट दिली नाही. १९०१ साली भारतात परतताना लोकांनी सोन्याचांदीचे नजराणे दिले, त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिन्यांचा हार होता. गांधीजींनी सगळे समाजाच्या कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायचे ठरवले. कस्तुरबा रडल्या, भांडल्या. माझे दागिने तर तुम्ही आधीच उतरवलेत, सुनांना तुम्ही काय करणार, हा त्यांचा सवाल होता. या सवालाला त्या घरात तरी सोपे उत्तर नव्हते. शेवटी हार गेलाच.

लक्ष्मीदासांचे देणे असेच अवघड राहिले. आफ्रिकेतली जवळजवळ सारी शिल्लक गांधीजी त्यांना पाठवत. पुढे त्यांनी कळवले की आता जे उरेल ते समाजाच्या कामी लागेल. थोरल्या भावाला ते लागले. वडिलांप्रमाणे कुटुंब पोसणे हा तुझा धर्म, असे त्यांचे म्हणणे. माझे कुटुंब आता वाढले आहे, असे धाकट्याचे. पत्रव्यवहार जवळजवळ थांबला. ज्याने उसनेपासने करून विलायत दाखवली, त्याच्याशीच अबोला!

अखेरच्या दिवसांत लक्ष्मीदासांचे मन वळले. त्यांनी क्षमा मागणारे पत्र लिहिले, मुलांना धाकट्या भावाच्या स्वाधीन केले आणि भेटीसाठी आफ्रिकेला येऊ का म्हणून तार केली. गांधीजींनी तारेनेच या म्हणून कळवले. पण निघण्याचा योग आला नाही. १९१४ साली लक्ष्मीदास वारले, आणि गांधीजी मायदेशी उतरले ते १९१५ च्या जानेवारीत.