सरफोजीराजे आणि नोंदीची शिस्त

छात्रांनो, मी शाळेत संगणक शिकवतो. तरीही या अंकात मी तंजावूरच्या एका मराठी राजाविषयी लिहीत आहे. व्यंकोजीराजांच्या घराण्यातले दुसरे सरफोजीराजे मला आमच्या विषयातले थोर शिक्षक वाटतात.

त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले, पण वारशाचा वाद उभा राहिला आणि गादी अमरसिंहांकडे गेली. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली सरफोजी शिकले. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहाने कारभार कंपनीच्या हाती गेला. हाती सत्ता उरली नाही, पण राजे स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना काढला आणि धन्वंतरी महालात औषधोपचारांची सोय केली.

तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. रुग्ण कोण, त्रास काय, उपचार कोणता हे त्यांत लिहिलेले असून डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. याचे मोल पाहा. पहिला वैद्य गावाला गेला, तरी दुसऱ्याला कागदावरून पुढचे उपचार करता येतात. डावा डोळा की उजवा, हे अंदाजावर सोडून चालत नाही.

त्याच दरबाराचे मोडी कागदही गठ्ठ्यांनी आहेत. भाषा आपलीच, पण मोडी वाचणारे आता थोडे. लिहिणाऱ्याला जे उघड वाटते, ते वाचणाऱ्याला उघड असतेच असे नाही. म्हणून माहितीबरोबर ती वाचायची रीतही पुढच्याला द्यावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये यालाच डेटा फॉरमॅट म्हणतात. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका प्रणालीने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसरीने ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले. आकडा होता, माप ठरल्याप्रमाणे नव्हते. संचलनात हुकमाचा अर्थ आधीच ठरलेला असतो, म्हणून सारी तुकडी एका वेळी वळते. आकड्यांचेही तसेच आहे.

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांच्या रुग्णांचे कागद मात्र आजही माहिती देतात.

तुम्ही प्रोग्रॅम लिहायला बसाल, तेव्हा आधी रकाने ठरवा. तारखेत दिवस आधी की महिना? वजन किलोत की ग्रॅममध्ये? आणि ‘कोणते औषध सोसत नाही’ हा रकाना कोरा असेल, तर त्याचा अर्थ ‘असे औषध नाही’ की ‘विचारलेच नाही’? हे लिहून ठेवा. रात्री दोन वाजता जखमी जवानासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला तुम्हाला फोन करून विचारायला वेळ नसेल.