गाडगेबाबा आणि त्यांच्या नावाचा पूल



दिंडीच्या शंभरीच्या अंकासाठी एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहून द्या, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. हातात एक तर वखर, नाही तर वीणा. तरी ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांच्या नावानं आज अमरावतीला विद्यापीठ उभं आहे, त्यांच्याविषयी लिहायला आम्हाला संकोच वाटला नाही.

आणखी एक कारण आहे. हल्ली कुठं पूल झाला की सिमेंट वाळायच्या आत नावाचा वाद सुरू होतो. आमच्या मेहरूणला पारावर बसलं की हाच विषय. एक समाज म्हणतो आमच्या पुढाऱ्याचं नाव, दुसरा म्हणतो आमच्या. पाटी लागते, हार पडतो, आणि पुलाखाली काय साचलंय ते कोणी वाकून बघत नाही.

गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जात परीट. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला भावाच्या आसऱ्याला आली. डेबूजीनं मामाची गुरं राखली, मग औत धरलं. शेतकामात त्यांचा हात धरणारा गावात नव्हता म्हणतात. पण मामाची चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली, आणि मामा त्या धसक्यानं गेला. हे कसं होतं ते खान्देशातल्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगावं! कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, अंगठा उठवला, संपलं. पुढं बाबा जन्मभर कीर्तनात पोरं शिकवा म्हणून ओरडत राहिले, त्याची मुळी इथंच आहे असं आम्हाला वाटतं.

लग्न झालं, लेकरं झाली. मुलीच्या बारशाला भावकीत दारू-मटणाची रीत होती. बाबांनी ती मोडून गोडधोड वाढलं. लोक रुसले, बाबा हटले नाहीत. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी, त्यातच पाणी. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनात माणसाची डोकी झाडायची. आम्ही कीर्तनकार माणसं, बिदागीचा आकडा आधी ठरवतो, हे लपवून काय उपयोग? बाबांच्या कीर्तनात पेटी नाही, शाल नाही, पाया पडायची तर बंदीच. पाया पडायला आला की काठी उगारायचे. समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून कबूल करून घ्यायचे, की कर्ज काढून सण करू नये, नवसाला बकरं मारू नये, शिवाशिव पाळू नये. 1923 साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असता मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. आम्हाला हे जमलं नसतं.

त्यांचं बांधकाम बघा. ऋणमोचनला पूर्णा नदीच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत, तिथं 1908 साली लोकांकडून पैसा जमवून घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीत ज्यांना कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. लाखाची इमारत, पण स्वतः तिथं मालक म्हणून राहिले नाहीत. घरच्या माणसांनाही त्यावर हक्क सांगू दिला नाही. त्यांची बायको कुंताबाई झोपडीतच राहिली.

नाशिकला गोदावरीवर रामकुंडाच्या खालच्या अंगाला गाडगे महाराज पूल आहे. निवृत्तीनाथांच्या यात्रेला पौषात त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या पुष्कळांनी तो पाहिला असेल. जवळच बाबांची धर्मशाळा. आता ज्यांना शिष्य नको, मठ नको, देऊळ नको, पुतळा नको, त्यांचं नाव पुलाला द्यावं का, असं कोणी विचारील. आमच्या मते द्यावं. देवळात माणूस हात जोडून थांबतो, पुलावरून तो आपल्या कामाला जातो. बाबांना दुसरंच आवडलं असतं. आणि परटाच्या पोटी जन्मलेल्या या माणसाचं नाव कोण्या एका समाजानं मागायचं राहिलं नाही. पण नाव द्यायचं तर पुलाखालचं पाणी स्वच्छ पाहिजे. निर्माल्याच्या पिशव्या वरून टाकायच्या आणि पाटीला हार घालायचा, ही थट्टा झाली.

बाबांचा शेवटही पुलावरच झाला. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, तो घाव त्यांना फार लागला. अंगात दुखणं होतंच. 20 डिसेंबरला रात्री गाडीतून अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला आहे.

यंदा त्र्यंबकच्या वारीत टाळांबरोबर पंधरा खराटे न्यायचे असं दिंडीत ठरलं आहे. नाशिकला मुक्काम पडला की आधी घाट झाडायचा, मग हरिपाठ. ज्यांना यायचं त्यांनी आपला खराटा आपण आणावा.