खुर्ची सोडणारे अर्थमंत्री : चिंतामणराव देशमुख

मुलुंड पूर्वेचं चिंतामणराव देशमुख उद्यान आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळच्या फेऱ्या तिथे, नातवंडांची घसरगुंडी तिथे. पण हे देशमुख कोण, असं नव्या पिढीला विचारलं तर कुणी जुने नगरसेवक असतील असं उत्तर मिळतं. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा कमिटीचा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं यांच्यावरच लिहावं. जन्मभर बँकेत नोकरी केल्यामुळे या माणसाविषयी मला जरा जास्तच आपलेपणा आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या नाते गावचा. वडील वकील. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला गेले, तिथे वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलं आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला नंबर. हुशारीचं कौतुक इथेच पुरे. पहिले नंबर मिळवणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासारखं व्हावं असं दरवेळी वाटतंच असं नाही.

त्या वेळी लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. देशमुख त्यांना भेटले. ही इंग्रजांची नोकरी सोडून देशकार्यात पडावं का, असा प्रश्न त्यांच्या मनात होता. लोकमान्यांनी नोकरी घ्यायलाच सांगितलं. उद्या स्वराज्य आलं की कारभार जाणणारी माणसं लागतील, हा त्यामागचा विचार. त्याप्रमाणे देशमुखांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात वीस वर्षं कारभार शिकण्यात घालवली.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. वय ४७. काळ किती कठीण होता बघा. महायुद्ध चालू, महागाई भडकलेली, बंगालमध्ये दुष्काळ. इंग्रज सरकार इथून माल उचलत होतं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात नुसते खात्यावर जमा होत होते. हे येणं हजार कोटी रुपयांच्या वर गेलं. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची परिषद भरली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते आणि या येण्याचा प्रश्न तिथे मांडला गेला. लगेच काही पदरात पडलं नाही. पण देश गुलाम असताना राज्यकर्त्यांच्या समोर बसून आपल्या उधारीचा हिशोब मागणं, ही साधी गोष्ट नव्हती!

फाळणीनंतरची एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारताची आणि पाकिस्तानची, दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. सीमेवर रक्त सांडत असताना एकाच बँकेने दोन्हीकडचं चलन सांभाळायचं. पुढे १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ ची निवडणूक कुलाब्यातून जिंकली. इम्पीरिअल बँकेची स्टेट बँक झाली १ जुलै १९५५ ला, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या असं ठरलं. सावकाराशिवाय दुसरं दारच माहीत नसलेल्या तालुक्याच्या गावी बँकेची पाटी लागली ती त्यामुळे. आम्ही सत्तरच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा जुने हेडक्लार्क देशमुखांचं नाव अशा रीतीने घेत, की जणू ते शेजारच्याच टेबलावर बसून गेलेत. एखाद्याने शेरा नीट मुद्द्यावर आणि स्वच्छ लिहिला की त्याला देशमुखांची उपमा मिळायची. हा मान फार थोड्यांना मिळाला.

आता मुख्य गोष्ट. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. नेहरूंनी थांबवून धरलं, पण जुलैमध्ये ते बाहेर पडलेच आणि लोकसभेत त्यांनी कारणं सांगितली. मराठी माणसावर अन्याय झाला हे तर होतंच, पण त्यांचा मोठा आक्षेप पद्धतीवर होता. एवढा निर्णय मंत्रिमंडळासमोर रीतसर न ठेवता घेतला गेला, असं त्यांचं म्हणणं. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणीही त्यांनी केली. नेहरूंनी मंत्रिमंडळाबाबतचा आरोप मान्य केला नाही. आकडे, फायली, नियम यांत आयुष्य गेलेला हा माणूस. मोर्चा काढणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हातात होती ती खुर्ची, ती त्यांनी ठेवून दिली. (आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीची खुर्ची सोडतानाही राजीनामापत्राचे चार मसुदे होतात, अर्थात ती घ्यायलाही कुणी पुढे येत नाही, हे वेगळं.)

अर्थमंत्र्यानेच मुंबईसाठी पद सोडलं, ही बातमी गिरणगावात आणि गिरगावात एकाच आनंदाने वाचली गेली. ज्यांना अर्थसंकल्पातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनाही हे कळलं. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्याचं श्रेय रस्त्यावर उतरलेल्यांचं आणि हुतात्म्यांचं. पण दिल्लीतल्या एका वजनदार माणसाने आपली बाजू घेऊन किंमत मोजली, याने लोकांना जो धीर आला तो मोजता येणारा नाही.

नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेघदूताचा मराठी अनुवादही केला. पहिल्या पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला, त्या स्वतः मोठ्या समाजसेविका. १९६९ ला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ते उभे राहिले आणि तिसरे आले. माझं मत विचाराल तर त्या पक्षीय झटापटीत त्यांनी पडायला नको होतं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला ते गेले.

ठाण्यात महापालिकेची प्रशासकीय सेवा परीक्षांची तयारी करून घेणारी संस्था आहे, तिलाही त्यांचंच नाव आहे. आपल्या सोसायटीतली दोन मुलं तिथे जाऊन आली. त्यातल्या एकीने मागच्या दिवाळीत मला विचारलं, काका, हे देशमुख अर्थमंत्री असूनही राजीनामा का दिला हो? हा लेख तिच्यासाठी.