ढगांना नावे देणारा औषधविक्रेता

आषाढ लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. पऱ्हे तयार असतात, पण बांधीत पाणी साचल्याशिवाय रोवणी होत नाही. माझे बाबा ढग पाहून पावसाचा अंदाज सांगतात. कोणत्या ढगावरून, असे विचारले तर नुसता हात वर करतात. तोवर ढग पुढे गेलेला असतो. म्हणूनच ल्यूक हॉवर्ड यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

हॉवर्ड यांचा जन्म १७७२ साली लंडनमध्ये एका क्वेकर कुटुंबात झाला. शाळेत लॅटिन व्याकरण फार आणि बाकी सारे थोडे शिकवले, ही खंत त्यांना पुढेही राहिली. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून त्यांनी औषधे व रसायने बनवण्याचा धंदा केला. आभाळ पाहण्याचा नाद मात्र लहानपणापासूनचा.

वनस्पती व प्राण्यांना लिनियस यांनी नावे दिली होती. ढग क्षणोक्षणी बदलतात, त्यांना नाव काय देणार? डिसेंबर १८०२ मध्ये हॉवर्ड यांनी लंडनच्या एका छोट्या अभ्यासमंडळापुढे निबंध वाचला. ढग कितीही बदलोत, मूळ रूपे थोडीच, हे त्यांनी दाखवले. केसांच्या बटेसारखा तो सिरस, राशीसारखा क्युम्युलस, थरासारखा स्ट्रॅटस आणि पाऊस देणारा निम्बस. दोन रूपे मिसळली तर नावेही जोडायची. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क यांनीही ढगांना नावे दिली. पण ती फ्रेंच होती, टिकली नाहीत. लॅटिन कोणत्याच एका देशाची बोली नव्हती, म्हणून सर्वांना चालली. शाळेतले नकोसे लॅटिन असे कामी आले!

जर्मन महाकवी गटे यांनी हॉवर्ड यांच्या गौरवार्थ काव्य रचले. १८२१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६४ साली त्यांचे निधन झाले. पुढे १८९६ साली ढगांचा आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह निघाला. आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानतात. वेधशाळेच्या सांकेतिक संदेशात खालच्या, मधल्या व वरच्या ढगांसाठी एकेक अंक असतो आणि तो जगभर सारखाच वाचला जातो.

मला वाटते, बाबांचे ज्ञान खोटे नाही. ते फक्त धुऱ्यापलीकडे जात नाही. येत्या पावसाळ्यात बाबा हात वर करतील तेव्हा त्या ढगाचे नाव, आणि नंतर पाऊस आला की नाही, हे मी वहीत लिहिणार आहे.