गाव सरकलं कुणामुळे?

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकचा ठिपका प्रोजेक्टसाठी नकाशावर टाकायचाय. अक्षांश १८ च्या थोडं पुढे, रेखांश ७४ च्या जरा अलीकडे. फाईल उघडता, तर गाव नॉर्वेच्या उत्तरेला थेट आर्क्टिक समुद्रात! घाबरू नका. केएमएल फाईलमध्ये रेखांश आधी लिहायचा असतो, तुम्ही अक्षांश आधी टाकलात. आकडे उलटे करा, गाव पुणे-सातारा रस्त्यावर परत.

दुसरी चूक मात्र बेरकी. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट स्कॅन करून त्यावर मोबाईलचा जीपीएस ट्रॅक टाकलात, की सगळं शंभरेक मीटर सरकलेलं दिसतं. आकडे तपासले तरी चूक सापडत नाही. कारण दोन्हींमागे पृथ्वीची मापंच वेगवेगळी धरलीत. जुन्या मापाची सुरुवात विल्यम लॅम्ब्टन या माणसापासून होते.

हा यॉर्कशायरचा इंग्रज फौजी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, रात्रीच्या अंधारात तुकडी चुकून टिपूच्या छावणीकडे निघाली होती. याने तारे पाहून ते ओळखलं. १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत निघाला. सोबतचा थिओडोलाईट अर्धा टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन वाचायचं वर्तुळच वाकडं झालं. दुसरं कुणी असतं तर गाशा गुंडाळला असता. हा तंबूत शिरला आणि सहा आठवडे पाचरी नि स्क्रू लावून ते वर्तुळ हळूहळू सरळ करत बसला. (आपण सॉफ्टवेअर दोनदा रीस्टार्ट करून वैतागतो!)

कन्याकुमारीपासून वर सरकत तो आपल्या विदर्भात पोहोचला. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात, सत्तरीच्या घरात, काम चालू असतानाच गेला. कबर तिथेच आहे. काम पुढे नेलं त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने. या मोजणीच्या आधारे १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार काढला. शिखराला नाव एव्हरेस्टचं, त्या आकारालाही त्याचंच. लॅम्ब्टनचं नाव किती जणांना माहीत असतं?

त्या आकारात पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ पेक्षा साधारण ८६० मीटरने कमी आहे, आणि केंद्रही वेगळ्या जागी. जुन्या टोपोशीटा याच मापावर बेतलेल्या. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेत मात्र डब्ल्यूजीएस-८४ आहे.

म्हणून जुनी शीट माऊसने ओढून ‘बसवू’ नका. एका कोपऱ्यात जुळली तरी दुसरीकडे चुकेल. क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्स करताना शीटच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश द्या आणि सीआरएसच्या यादीत डब्ल्यूजीएस-८४ ऐवजी ‘कल्याणपूर १९७५’ निवडा. मग पुन्हा ट्रॅक टाकून बघा.