न्यूयॉर्कचा धक्का आणि बडोद्याचे स्थानक

१९१३ सालच्या जुलै महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले. वय बावीस. वडील, सुभेदार रामजी, त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीला निवर्तलेले. पत्नी रमाबाई मुंबईच्या चाळीत. खिशाला आधार बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीचा. ४ जून रोजी झालेल्या करारानुसार संस्थान दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे देणार होते आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्यास भीमराव बांधले गेले होते. पौंडास पंधरा रुपये हा त्या काळचा दर धरता ही रक्कम महिन्याला पावणेदोनशे रुपयांच्या आत-बाहेर होते. मुंबईत ती मोठी वाटली असती. न्यूयॉर्कात तिच्यात राहणे, जेवणे, पुस्तके आणि घरी पाठवावयाचे पैसे एवढे सारे बसवायचे होते.

परमुलखात उतरलेल्या प्रवाशाचा पहिला दिवस हा आपल्याकडील प्रवासवर्णनांचा आवडता प्रसंग. उंच इमारती, अनोळखी भाषा, चुकलेली वाट, न रुचणारे अन्न यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. आंबेडकरांनी मात्र आपल्या प्रवासांविषयी जेव्हा लेखणी उचलली, तेव्हा न्यूयॉर्कच्या त्या दिवसाला त्यात जागा दिली नाही. तीसच्या दशकात लिहिलेले आणि पुढे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केलेले त्यांचे आत्मकथनपर टिपण आहे. त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे परवान्याची प्रतीक्षा. हे नाव वाचून कोणासही वाटावे, की ही अमेरिकेची किंवा विलायतेची हकीकत असेल. तिच्यातील मुक्काम मात्र मसूर, बडोदे आणि दौलताबाद असे आहेत.

मसूरची हकीकत १९०१ सालची. रामजी सुभेदार तेव्हा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत त्यांच्याकडे निघालेली चार मुले, म्हणजे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे, नवे कपडे लेवून मसूर स्थानकावर उतरली. घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, जात ऐकताच तो मागे सरला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कसाबसा तयार झाला; तोही या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. बरोबर शिदोरी होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर अस्पृश्यतेचा कर त्या मुलांनी रोख भरला आणि त्याच्या बदल्यात बसायला मिळाली ती गाडीवानाची जागा.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कमधील आरंभीचे दिवस पाहावेत. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. तिथले जेवण मानवेना. ताटात गोमांस येई. आठवडाभरात त्यांनी ते वसतिगृह सोडून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये बिऱ्हाड हलविले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते राहू लागले. तेथे नवल भथेना या पारशी तरुणाशी जडलेला स्नेह आयुष्यभर टिकला. जेवण आवडले नाही म्हणून जागा बदलावी, हा परदेशी विद्यार्थ्याचा नेहमीचा अनुभव. परंतु आवडीनिवडीनुसार जागा सोडण्याची आणि दुसरी निवडण्याची मुभा ही आंबेडकरांच्या आयुष्यात नवी होती. पहिल्या दिवशी सांगण्याजोगे काही घडले नसेल, तर तेच त्या दिवसाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

अर्थात तत्कालीन अमेरिका म्हणजे समतेचे नंदनवन नव्हे. त्याच १९१३ साली वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांतून निग्रो कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्याचा क्रम सुरू झाला होता आणि कोलंबियापासून हाकेच्या अंतरावर हार्लेमची वस्ती होती. आंबेडकर हे विसरले नाहीत. १९४६ साली त्यांनी निग्रोंचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. एका समाजाला मोकळा असणारा दरवाजा दुसऱ्याला बंद असू शकतो, ही जाण त्यांच्या लेखनात पुढे सर्वत्र दिसते.

कोलंबियात सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी १९१५ साली एम. ए. केले, १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरील प्रसिद्ध निबंध वाचला आणि नंतर लंडन गाठले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी सप्टेंबरात ते बडोद्यास गेले.

खरा परदेश येथे सुरू झाला. परदेशातील चार वर्षांत अस्पृश्यपणाची जाणीव मनातून पार पुसली गेली होती. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच ती परत उभी राहिली. जायचे कोठे? हिंदू खाणावळीत शिरणे शक्य नव्हते. दीड रुपया रोजाने एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव धारण करून, त्यांनी वरच्या मजल्यावर एकट्याने दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही यांच्याकडे विचारून झाले. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास अकाउंटंट जनरलच्या कचेरीतील या उमेदवाराने कामाठी बागेत काढले.

हिशेबाच्या भाषेत हा व्यवहार कसा दिसतो? तीन वर्षांचे साडेअकरा पौंडांप्रमाणे ४१४ पौंड, म्हणजे ६,२१० रुपये संस्थानाने एका माणसाच्या शिक्षणात गुंतविले. मुदतवाढीची रक्कम निराळीच. महाराज सयाजीरावांची दृष्टी निर्विवाद थोर होती. पण दहा वर्षे ज्याच्या बुद्धीचा लाभ घ्यायचा, तो दीड रुपया रोजाच्या खोलीवाचून बडोद्याच्या हातून गेला. भांडवल होते, कुशल माणूस होता, कामही होते. त्या माणसाला राहू देणारा शेजार तेवढा नव्हता. मागासलेपणाची कारणे शोधताना आपण पाऊसमान, जमीन आणि रस्ते मोजतो. ही बाब कोणत्याच तक्त्यात येत नाही.

१९३४ चा प्रसंग मराठवाड्यातला आहे. हा मुलूख तेव्हा निजामाचा. गेवराई तालुक्यातील चकलांब्याच्या माणसाला पश्चिमेस नगर जिल्ह्यात जायचे, तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावे लागे. नाणे निराळे, जकात निराळी. आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास नाशिकहून या राज्यात आले. दौलताबादच्या किल्ल्यापाशी पाण्याने भरलेला हौद होता. रमजानचे दिवस होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हातपाय धुतले, आणि हौद बाटविल्याचा ओरडा करीत एक वृद्ध मुसलमान धावत आला, मागोमाग जमाव. किल्ल्यात प्रवेश मिळाला तो कोठेही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर, पहाऱ्याला शस्त्रधारी शिपाई घेऊन. तोवर डॉक्टर, बॅरिस्टर आणि गोलमेज परिषदेचे सभासद झालेल्या गृहस्थाला हा परवाना मिळाला.

निजामी राजवट १९४८ साली संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले ते औरंगाबादला; मिलिंद या नावाने ते प्रसिद्ध झाले. दौलताबादचा तो हौद तेथून फार दूर नाही. बीड, परभणी, नांदेडकडच्या खेड्यांतून वळकटी घेऊन आलेली, घराण्यात प्रथमच शिकणारी मुले तेथे उतरू लागली. महाविद्यालयाबरोबर सोसायटीने त्यांच्यासाठी वसतिगृहाचीही सोय केली होती.